गाडी अंगणात, माणसे गॅरेजमध्ये

आमच्या घराचे गॅरेज घराच्या आधी दिसते. चिपळूणहून गावाकडे येणारा रस्ता मशिदीपाशी वळला की पहिल्यांदा नजरेत भरते ते सोळा फुटी शटर, आणि मग त्यामागे घर. आमच्या थोरल्या बंधूंनी, ज्यांना घरात सगळेच भाईजान म्हणतात, २००९ साली कुवेतहून पैसे पाठवून ते बांधले. २० बाय २४ फूट, चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. दोन गाड्या शेजारीशेजारी राहतील आणि तरीही दरवाजे उघडता येतील, असा त्यांचा हिशेब होता. त्या वर्षांत आमच्या बाजूला, खेड, दापोली, चिपळूणच्या मोहल्ल्यांतून, आखातात गेलेल्या बहुतेकांच्या घराच्या नकाशात गॅरेज असायचेच. गाडी यायची ती मालक सुट्टीवर आल्यावर, तीही पुष्कळदा भाड्याची. बाकीचे दिवस शटर खाली आणि आत कोंबड्या.

आमच्याकडे पुढे एक जुनी गाडी आली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चढले तेव्हा ती आतच होती. पाणी ओसरल्यावर शटर उचलायला चार माणसे लागली. गाडीच्या स्टिअरिंगच्या वरपर्यंत चिखल, आणि भिंतीवर पाच फूट चार इंचांवर एक सरळ तपकिरी रेघ, जणू कुणी ओळंबा-दोरी लावून आखली असावी. विमा आम्ही फक्त थर्ड पार्टीचा उतरवला होता, त्यामुळे हातात काहीच आले नाही. गाडी भंगारात गेली. तिच्या जागी मग पुरात भिजलेल्या सगळ्या गोष्टी येऊन पडल्या: फुगलेले कपाट, बंद पडलेले वॉशिंग मशीन, दोन पंखे, मिक्सर, सायकली. "नंतर बघू" म्हणून ठेवलेले सामान. आणि शटर पुन्हा खाली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात भाईजान कायमचे परत आले. कुवेतमध्ये पंचवीस वर्षे एसी दुरुस्तीचे काम केले त्यांनी. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची सुट्टी. आम्ही दोघेही शिक्षक, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही: पंचवीस वर्षांत बारा सुट्ट्या, म्हणजे ५४० दिवस, दीड वर्षसुद्धा पुरते नाही. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या वाट्याला आठ सुट्ट्या आल्या, जेमतेम एक वर्ष. बाकी सगळे अब्बा त्याने मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेले, तेही रात्री, थकलेले, "अभ्यास करतोस ना?" एवढे विचारणारे.

पहिला महिना पाहुण्यांत गेला. दुसऱ्या महिन्यात भाईजान ओट्यावर बसू लागले. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा ओटा. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून पुलावर जायचा आणि मित्रांसोबत रात्री नऊपर्यंत मोबाइलमध्ये डोके खुपसून बसायचा. बापाने एकदा हटकले तर म्हणाला, "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता काय झालं?" भाभी मधे पडल्या. त्यानंतर दोघे एकाच ताटावर बसत नसत. भाईजाननी आम्हाला गुपचूप सांगितले की मुंबईतल्या एका एजंटशी बोलणे चालू आहे, व्हिसा मिळाला तर परत जातो. शुगर होती, गुडघे दुखत होते, वय पन्नाशीच्या पुढे. "इथे माझं काय काम आहे?" हा त्यांचा प्रश्न. उत्तर आमच्याकडे नव्हते.

गॅरेजची कल्पना कुणा एकाची नव्हे. एका दुपारी भाईजाननी पुरातला एक टेबलफॅन जेवणाच्या टेबलावर उघडला. वाइंडिंग धुतले, उन्हात वाळवले, बुश बदलला, आणि पंखा फिरला. सोबत भाभींच्या टेबलक्लॉथवर काळ्या तेलाचा नकाशा उमटला. भाभी म्हणाल्या, "या टेबलावर एक तर पंखा राहील, नाही तर जेवण. बाहेर एवढी मोठी खोली रिकामी पडलीय, तिथं मांडा ना दुकान." दुकान मांडायचे नव्हते. पण शटरकडे त्या दिवशी सगळ्यांनीच पाहिले.

२०२२ च्या फेब्रुवारीत तीन रविवार आम्ही फक्त सामान बाहेर काढले. अंगणात तीन ढीग केले: टाकायचे, विकायचे, दुरुस्त करायचे. तिसरा ढीग रोज वाढायचा, कारण भाईजान पहिल्या दोन ढिगांतून रात्री वस्तू परत आणायचे. शेवटी भाभींनी नियम केला: जी वस्तू ईदपर्यंत चालू होणार नाही ती भंगारवाल्याची. हा नियम आजही चालू आहे, फक्त ईदची मुदत पुढे सरकते.

भिंती धुऊन चुना मारला. चिखलाची रेघ मात्र भाईजाननी पुसू दिली नाही. "या रेघेच्या खाली विजेची एकही वस्तू लागणार नाही," ते म्हणाले. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस बोलत होता, आम्ही ऐकले. आता मागे वळून पाहता, सर्व खर्चात वायरिंगवर केलेला खर्च हाच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. ज्यांना आपल्याकडे असे काही करायचे आहे त्यांनी रंग आणि फर्निचर नंतर बघावे, आधी वीज बघावी.

घरातल्या मीटरवरून गॅरेजला एकच बारीक वायर आली होती, एक ट्यूब आणि एक प्लग चालेल इतकी. ती काढली. परवानाधारक वायरमनकडून नवीन लाइन घेतली आणि वेगळा बोर्ड बसवला, जमिनीपासून सात फुटांवर. दिव्यांचा एमसीबी वेगळा, प्लगांचा वेगळा. कारण साधे आहे. ग्राइंडरने लोड घेऊन एमसीबी पडला आणि त्याच्याबरोबर दिवेही गेले, तर अंधारात फिरते पाते हातात उरते. सोळा अँपियरच्या प्लगांना अडीच स्क्वेअर एमएमची वायर, कॉम्प्रेसरसाठी ठेवलेल्या एका प्लगला चारची. सगळ्यावर ३० मिलीअँपियरची आरसीसीबी, जी गळती होताच क्षणात वीज तोडते. ती बसवायला वायरमन तयार नव्हता. "पावसाळ्यात सारखी पडेल, मग मलाच फोन कराल." भाईजान म्हणाले, "पडली म्हणजे काम केलं." पहिल्या पावसाळ्यात ती खरोखरच चार वेळा पडली, आणि चौथ्या वेळी कळले की जुन्या ड्रिलच्या मुठीतून करंट उतरत होता.

अर्थिंगचा त्रास वेगळाच. आमची जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत होते आणि कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही. खड्डा कोळसा-मीठ घालून न्हाणीच्या पाण्याच्या वाटेशेजारी घेतला, म्हणजे बारा महिने ओल राहील. भाईजान एप्रिल-मे महिन्यात आजही त्यात बादलीभर पाणी ओततात. शेजारी हसतात की गॅरेजला पाणी घालतोय.

प्लग सगळे रेघेच्या वर, काही तर छतावरून खाली सोडलेले. त्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: जमिनीवर पायात अडकणारी वायर उरली नाही. दिवे म्हणून चार फुटी एलईडी ट्यूबा लावल्या, सहा. त्यांतल्या दोन टेबलाच्या बरोबर वर नाहीत, थोड्या पुढे भिंतीकडे आहेत. दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली कामावर पडते. जुन्या चोकवाल्या ट्यूबा घरात पडून होत्या, त्या भाईजाननी घेतल्या नाहीत. त्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण त्या उजेडात फिरते यंत्र कधी कधी थांबल्यासारखे दिसते. हे आम्हाला, बीएड झालेल्या दोन माणसांना, त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

जमिनीचा कोबा बरा होता, पण उतार होता. गॅरेजची जमीन शटरकडे उतरतीच करतात, गाडी धुतलेले पाणी बाहेर जावे म्हणून. गाडीला त्याचे काही वाटत नाही, टेबलाला वाटते. गोल वस्तू ठेवली की घरंगळत शटरकडे. म्हणून कामाच्या टेबलाचे दोन पाय दोन इंच लांब केले. टेबल जुन्या घराच्या वाशांचे. आमचे कौलारू घर पाडले तेव्हाच्या ऐनाच्या तुळया मागच्या पडवीत पडून होत्या, पुरानेही त्यांना काही झाले नव्हते. वरची फळी फणसाची, दोन इंच जाड. उंची किती ठेवायची यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी भाईजाननी मुलाला सरळ उभे केले, हात खाली सोडायला सांगितले आणि मनगटाच्या हाडाशी खूण केली: चौतीस इंच. शेगडा मात्र असा बसवला की त्याच्या जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला येईल, म्हणजे कानस चालवताना खांदे उचलावे लागत नाहीत. मोजमाप मुलाच्या उंचीचे घेतले, स्वतःच्या नाही. आम्ही ते पाहिले. मुलाने पाहिले की नाही, तेव्हा समजले नाही.

भिंतीवर हत्यारे टांगायचा बेत पहिल्याच खिळ्याला फसला. चिरा मऊ आणि सच्छिद्र. ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकचा गट्टू घालावा तर तो भुगा होऊन हातात येतो. काँक्रीटच्या भिंतीवर चालते ते इथे चालत नाही. मग जमिनीवर उभा राहणारा लाकडी सांगाडा केला, वर स्लॅबच्या बीमला पट्टीने जखडला आणि त्यावर प्लायवूडचा मोठा बोर्ड लावला. प्रत्येक हत्याराची आकृती बोर्डावर रंगवली, म्हणजे कुठले जागेवर नाही ते दारातून दिसते. आकृतींखाली नावे लिहायचे काम आमच्याकडे आले, अर्थात. मराठी आणि उर्दू दोन्ही. लिहिताना मजा वाटली. गुण्या हा उर्दूतही गुनियाच. रंधा तिथे रंदा. पण कानस म्हणजे रेती, शेगडा म्हणजे शिकंजा, करवत म्हणजे आरी, ओळंबा म्हणजे साहूल. आमच्या मुलांना ही नावे ना या भाषेत माहीत होती, ना त्या. शाळेच्या वेळापत्रकात आम्ही वर्षानुवर्षे "कार्यानुभव" हा विषय लिहीत आलो आणि त्या तासाला गणित उरकत आलो. त्याची लाज त्या बोर्डासमोर उभे राहिल्यावर वाटली.

हत्यारांची खरेदी आम्ही मुद्दाम रेंगाळवली. भाईजानच्या सामानात एक हिरवी पत्र्याची पेटी होती. कुवेतहून कपडे कमी आणि ही पेटी जड. तीत क्लॅम्प मीटर, गेज, पाने, पकडी, नळी कापायची कटर, सगळे तेल लावून कापडात गुंडाळलेले. त्याशिवाय पहिल्या वर्षी फक्त शेगडा, एक हॅमर ड्रिल, चार इंची ग्राइंडर आणि सुताराची हाताची हत्यारे घेतली. शेगडा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणला. पटाश्या आणि रंधा गावातल्याच एका सुतारचाचांनी दिले. त्यांची मुले पुण्यात नोकरीला, हत्यारे गंजत होती. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "धार लावायला महिन्यातून एकदा मला बोलवा, म्हणजे झालं." ते अजून येतात. वेल्डिंग मशीन घ्यावे असे मुलांचे म्हणणे होते. आम्ही नाही म्हटले, आणि आजही नाही. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज इतके पडते की वेल्डिंग सुरू केले तर अर्ध्या मोहल्ल्याचे दिवे डोळे मिचकावतील.

आता दुसरा अर्धा भाग. २४ फुटांपैकी मागचे चौदा फूट कामाला गेले, शटरकडचे दहा फूट बसायला. मधे जमिनीवर पिवळी रेघ. रेघेपलीकडे चष्मा घातल्याशिवाय आणि चप्पल घालून जायचे नाही, बूट हवेत. बसायला कुणीतरी जुना सोफा देत होते. तो नाकारला, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या वाटतात त्यापेक्षा लांब उडतात आणि फोम धुमसत राहतो. दोन नारळाच्या काथ्याच्या बाजा, एक बाक, कॅरम, चहाची किटली. कॅरमबोर्डाखाली उतारामुळे एका बाजूला लाकडी पाचर द्यावी लागते, ती सारखी हरवते, आणि हरलेला नेहमी पाचरेला दोष देतो. पेट्रोल, थिनर, रंगाचे डबे बाहेरच्या छोट्या खोपटात. चार किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक सिलिंडर शटरजवळ आहे, टेबलाजवळ नाही. आग टेबलाशी लागली तर तिथेच ठेवलेले सिलिंडर घ्यायला जायचे कसे? आणि शटर खाली असताना मोटरसायकल चालू करायची नाही, एक मिनिटसुद्धा. धुराचा वास कळतो, पण त्यातला जो वायू जीव घेतो त्याला वास नसतो.

पुलावर बसणारी मुले हळूहळू इथे येऊ लागली, हे खरे. पण ती हत्यारांच्या ओढीने आली असे सांगितले तर खोटे होईल. ती वायफायच्या ओढीने आली. भाईजाननी वायफाय बंद केले नाही. त्यांनी फक्त कुणाची सायकल, कुणाचा हेडफोन बाकावर उघडून ठेवायला सुरुवात केली आणि "जरा इथं धर" म्हणू लागले. जरा धरायला आलेला मुलगा अर्धा तास अडकायचा. स्वतःचा मुलगा मात्र रेघेच्या अलीकडेच बसायचा, कॅरम खेळायचा, बापाकडे पाठ करून.

सहा महिने ही जागा पुरुषांची झाली होती, हे आमच्या लक्षात आले नाही. लक्षात आणून दिले आमच्या मुलीने, तेव्हा ती तेरा वर्षांची. "मोठे अब्बू सगळ्यांना शिकवतात, आमची पाळी कधी?" तिच्या आईला, म्हणजे आमच्यातल्याच अर्ध्या भागाला, हे आधी सुचायला हवे होते. भाभींनी निकाल दिला: शनिवार-रविवारची दुपार ते असर बायका-मुलींची. भाभींचे शिवणयंत्र आत आले, त्याचा पट्टा आणि मोटर त्या आता स्वतः बदलतात. ओढणी आणि सैल बाह्या फिरत्या यंत्राजवळ चालत नाहीत, हे भाईजाननी एकदा कापडाचा तुकडा ड्रिलच्या टोकाशी धरून दाखवले. डोळ्याची पापणी लवेपर्यंत कापड गुंडाळले गेले. तेव्हापासून ओढणी पाठीमागे बांधून वर जाड एप्रन घालायचा, हा नियम. एप्रन भाभींनीच शिवले, जुन्या जीन्सचे.

जानेवारी २०२३ मध्ये जे झाले ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

त्या दिवशी भाईजान रत्नागिरीला गेले होते. मुलाला मित्राच्या पिंजऱ्यासाठी फळ्या कापायच्या होत्या. हाताची करवत सावकाश चालते. त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावले, आणि ते गार्डला घासते म्हणून गार्ड काढून टाकले. आमच्याकडचे कितीतरी सुतार असे करतात, पाते बाजारात सर्रास मिळते. पण ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि तो लाकडासाठी बनलेलाच नाही. पाते गाठीत अडकले, मशीन उसळले आणि त्याच्या मांडीवरून गेले. जीन्स जाड होती. सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन इंच आत असते तर तुम्ही इथपर्यंत पोहोचला नसता.

भाईजान रात्री आले. ओरडतील असे वाटले होते. त्यांनी काही न बोलता गॅरेजला कुलूप घातले आणि किल्ली खिशात ठेवली. दोन आठवडे कुलूप तसेच. एजंटचा फोन पुन्हा येऊ लागला. आम्हाला वाटले, झाले, संपले.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा लंगडत त्यांच्या खोलीत गेला. काढलेले गार्ड त्याच्या हातात होते. एवढे दिवस ते त्याने आपल्या कपाटात ठेवले होते. म्हणाला, "अब्बा, हे कसं बसवायचं ते मला येत नाही." भाईजान उठले. दोघे गॅरेजमध्ये गेले. आम्ही अंगणात थांबलो, आत गेलो नाही, पण शटर अर्धे वर होते. गार्ड बसवायला दोन मिनिटे लागतात. ते रात्री साडेअकराला बाहेर आले.

मुलाने नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितले. शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये, १९९८ च्या सुमारास, भाईजानच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या एका मल्याळी मित्राची तीन बोटे अशीच गेली होती. त्याला दवाखान्यात भाईजान घेऊन गेले, बोटे बर्फात घालून. ती जोडता आली नाहीत. महिनाभराने तो मित्र घरी परतला आणि भाईजाननी ही गोष्ट घरी कुणालाच सांगितली नाही, भाभींनाही नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या एसी युनिटला हात लावला की कातडी भाजायची, पाच जणांच्या खोलीत झोपायला पाळ्या असायच्या, फोनवर आवाज हसरा ठेवण्यासाठी आधी तोंड धुऊन घ्यायचे, हेही त्या रात्री निघाले. पंचवीस वर्षांत आम्ही त्यांना पैसे मिळाले का, आणि अत्तर कधी पाठवता, हेच विचारले होते.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. दोघांचे अजून खटके उडतात, आता मात्र ते एमएम आणि इंचांवरून. ग्राइंडर कुलूपबंद कपाटात गेला. भाईजान घरात नसतील तर तो निघत नाही. दहावी झाली होती. ऑगस्टमध्ये मुलाने आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड घेतला. भाईजानची इच्छा इंजिनीअरिंगची होती. "मी जे केलं तेच करणार?" असे ते आम्हाला म्हणाले. स्वर तक्रारीचा होता, चेहरा नव्हता.

पावसाळ्याची गोष्ट राहिली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे हवाच ओली असते, लोखंड नुसते ठेवले तरी आठ दिवसांत तांबूस होते. हत्यारे वापरून झाली की तेलाचा बोळा फिरवायचा, हा रोजचा नियम. पटाश्या, रंधे, ड्रिलची टोके बंद कपाटात. कपाटाच्या तळाशी लोखंडी जाळीच्या आत एक शून्याचा बल्ब, पिवळा, जुन्या पद्धतीचा, तो पावसाळाभर जळतो. एलईडीचा चालत नाही, त्याला ऊब नसते. आणि दरवर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी मोटर असलेली प्रत्येक वस्तू, शिवणयंत्रासकट, कुठे आणि कशी वर चढवायची याची तालीम होते. स्लॅबखाली साडेसात फुटांवर माळा केला आहे. सर्व सामान वर जायला पहिल्या वर्षी दोन तास लागले, गेल्या वर्षी पंचवीस मिनिटे. सुतारचाचा घड्याळ घेऊन बाजेवर बसतात.

खर्चाचे सर्वच विचारतात. पहिल्या चौदा महिन्यांत ७८ हजार रुपये गेले. त्यातले जवळजवळ निम्मे विजेवर. लाकूड, बोर्ड, बाजा घरच्याच. दुरुस्तीचे पैसे भाईजान घेत नाहीत, पण सुट्या भागांचे घेतात, आणि वही मुलगी लिहिते.

गेल्या महिन्यात भाईजाननी एक जुनी गाडी घेतली. भाभींना दवाखान्यात न्यायला-आणायला लागते. गाडी दारात आली, सगळ्यांनी पाहिली, पेढे वाटले. मग तिला कुठे ठेवायचे असा प्रश्न निघाला आणि सगळे शटरकडे बघू लागले. आत कॅरमचा डाव चालू होता, भाभींचे यंत्र मधोमध होते, कुणाची तरी सायकल उलटी टांगलेली. भाईजाननी दोन मिनिटे विचार केला आणि मुलाला बाजारात पाठवले, बारा बाय अठराची निळी ताडपत्री आणायला.